होळीनंतर काळा नाही

चिंचवड, रविवार, ११ ऑगस्ट १९५७

तीर्थरूप आत्या,

आधी नमस्कार घे, मग बातमी. काल मी सही केली. हजेरीच्या वहीत नव्हे, खऱ्याखुऱ्या अहवालावर. खाली टाइप केलेलं आहे, 'तपासनीस, इं. स. हिवरे, बी.एस्सी.' आणि त्यावर माझी सही. आई म्हणते सही वाकडी आली.

नीट क्रमाने सांगते, नाहीतर तू म्हणशील पोरगी शेंडाबुडखा नसलेलं लिहिते. आमच्या पिंपरीच्या कारखान्यात नवा काळा रंग निघाला आहे. तुम्ही लुगडी रंगवायचात तेव्हा काळ्यासाठी तीन जिन्नस वेगवेगळे आणावे लागत, अनिलाइन, मोरचूद आणि पोटॅश. आमचे मालक दौलतरावसाहेब यांनी ते तिन्ही मोजून एका पुडीत घातले. पुडी पाण्यात टाका, कापड बुडवा, झालं. परदेशी डब्याची गरज नाही. साहेब येईल त्याला सांगतात, हा आपला स्वतःचा काळा.

अडचण होती ती पोटॅशची. पोरं दिवाळीत गंधक-पोटॅशचे बार काढतात, तेच हे पोटॅश. ते स्वतः पेटत नाही, पण शेजारचं काही पेटलं की त्याला प्राणवायू पुरवतं आणि ठिणगीचा भडका करतं. अशा पदार्थाला आम्ही ऑक्सिडीकारक म्हणतो. साहेबांचं म्हणणं, पुडीत मीठ आणि खडू घालून आपण त्याची नांगी मोडली आहे. पण रेल्वेला नुसतं म्हणणं चालत नाही, दाखला लागतो. रंग आगीला हातभार लावणारा निघाला तर लोखंडी पिंपं, वेगळा डबा, धोक्याची लाल चिठ्ठी. नसला तर साध्या तागाच्या पोत्यातून जाऊ शकतो. हे ठरवायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं, आणि तेही प्रयोगशाळेत पाच पुरुष बसलेले असताना!

ठरवलं कसं, ते ऐक. लाकडाचा बारीक भुसा आणि रंग निम्मेनिम्मे मिसळायचे, कौलावर त्याचा शंकू करायचा, लाल तापलेली तार टोचायची आणि घड्याळ लावायचं. बंदुकीच्या दारूत सोरा घालतात ना, तो सोरा भुशात मिसळला तर शंकू किती सेकंदांत जळतो हे इंग्रजी पुस्तकात छापलेलं आहे. आपला पदार्थ त्याहून लवकर जळला तर धोक्याचा. आमचा काळा शंकू धुमसला, धूर सोडला आणि निम्म्यावर विझला. सात वेळा केलं, सातही वेळा तेच. आमच्या गोदामाचे मुकादम बबनराव रहाटणीचे आहेत, भुसा तेच आणून देतात. ते दारात उभं राहून बघत होते. म्हणाले, "ताई, ह्यो तर वल्या लाकडावानी रुसतोय की." सगळे हसले.

मी लिहिलं, 'ऑक्सिडीकारक नाही.' साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "शाबास." आत्या, दादा असते तर आज त्यांनी पेढे वाटले असते. ते नाहीत म्हणून तुला लिहिलं.

तुझी,
इंदू


तळेगाव दाभाडे, १७ ऑगस्ट १९५७

चिरंजीव इंदू,

शंभर वर्षं जग आणि शंभर सह्या कर. पेढे माझ्या भावाने वाटले असते म्हणतेस, तर मग त्याची बहीण काय मेली आहे? मी वाटले. पेढे नव्हते, खडीसाखर होती, पण आळीत एक घर सोडलं नाही.

तुझं पत्र मी विहिरीवर मोठ्याने वाचलं. शालनबाई आपल्या मुलाची कौतुकं सांगत होती, तो मामलेदार कचेरीत लागला आहे ना. मी म्हटलं, "बाई, तुझा मुलगा दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारतो. आमच्या इंदूचा स्वतःचा कागद असतो, आणि तिची सही झाल्याशिवाय आगगाडी हलत नाही." तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. फार शांत वाटतं.

तू लिहिलेलं ते शंकूचं मला निम्मं कळलं. उरलेलं कळल्यासारखं दाखवून वाचलं. पण तीन जिन्नस एका पुडीत, हे काही माझ्या गळी उतरत नाही. आमचे हे होते तेव्हा आम्ही तीस वर्षं काळा केला. मोरचूद एका कोनाड्यात, पोटॅश दुसऱ्या, आणि अनिलाइन तर पार अंगणातल्या पत्र्याखाली. आता यंत्रयुग आलं, असेल बाबा. एक पुडी मला पाठव. माझ्या हाताखालून गेल्याशिवाय मी कुठल्या काळ्याला काळा म्हणत नाही.

रुक्मिणीवहिनीला सांग, मुलीची सही वाकडी म्हणू नये. स्वतः अंगठा देते ती.

तुझी आत्या,
अंबुबाई


चिंचवड, १९ जानेवारी १९५८

तीर्थरूप आत्या,

तिळगूळ पत्रातून पाठवता येत नाही म्हणून पुडी पाठवते आहे. उशीर झाला खरा. तुझी मागणी आली तेव्हा पुड्या नव्हत्याच, जेवढ्या बनल्या तेवढ्या संक्रांतीच्या काळ्या लुगड्यांसाठी गेल्या. सोलापूरच्या एका व्यापाऱ्याने लिहिलं आहे की इतका गडद काळा त्याने पाहिला नव्हता. साहेबांनी ते पत्र प्रयोगशाळेच्या भिंतीला टाचून ठेवलं आहे.

आता त्याच्याचकडून मोठी मागणी आली आहे. दोनशे पोती. गोदामात छपरापर्यंत रचली जात आहेत आणि पाडव्यानंतरच्या सोमवारी, २४ मार्चला, वॅगन लागणार आहे. रंभा आणि तिच्या हाताखालच्या बारा बायका दिवसभर पुड्या बांधतात. संध्याकाळी बाहेर पडल्या की कोपरापर्यंत काळ्या असतात. परवा रंभा मला म्हणाली, "ताई, तुमच्या सहीमुळं आमाला काम हाय." मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पुडीने काय रंगवलंस ते कळव. आणि शालनबाई बोलायला लागल्या का?

इंदू


तळेगाव दाभाडे, २ फेब्रुवारी १९५८

चिरंजीव इंदू,

शालनबाई बोलायला लागली. मीच हरले, कारण तिच्या घरचं विरजण लागतं.

तुझ्या पुडीने मी एक जुनं पांढरं लुगडं रंगवलं. रांजण पुन्हा घासला, सात वर्षांनी. हात कोपरापर्यंत काळे झाले, अगदी तुझ्या रंभेसारखे, आणि खरं सांगते, मला रडू आलं. रंग चांगला आहे. चांगला म्हणजे आमच्याइतका नाही, पण चांगला. पदराच्या टोकाला किंचित हिरवट मारतो, तुझ्या साहेबांना सांग मोरचूद कणभर कमी करा.

आता एक गोष्ट सांगायची आहे, ती कान देऊन ऐक. होळीनंतर काळा नाही. आमच्या घरचा नियम आहे. होळी पेटली की त्या दिवसापासून मृग लागेपर्यंत आम्हा पतंग्यांच्या घरात काळं कापड रंगवायचं नाही, रंगवलेलं घडी करून एकावर एक रचायचं नाही, आणि पोटॅशच्या डब्याला हातसुद्धा लावायचा नाही. नाहीतर होळी कोपते. माझी सासू सुभद्राबाई या बाबतीत इतकी कडक होती की एकदा ह्यांनी गिऱ्हाइकाच्या घाईपायी चैत्रात दोन लुगडी काळी केली, तर तिने ती भरल्या रांजणात परत बुडवली आणि ओलीच ठेवली. तुमची दोनशे पोती होळीनंतर छपरापर्यंत रचलेली असणार. साहेबांना सांग, होळीच्या आत माल हलवा.

तू हसशील हे मला ठाऊक आहे. हस, पण सांग.

आत्या


चिंचवड, ९ फेब्रुवारी १९५८

तीर्थरूप आत्या,

हसले. तू आधीच परवानगी दिली होतीस.

मोरचुदाचं साहेबांना सांगितलं. त्यांनी ताबडतोब करून पाहिलं आणि हिरवट झाक गेली. तुझी त्यांनी फार तारीफ केली. पण होळीचं मी सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही. आत्या, मी त्या प्रयोगशाळेत एकटी बाई आहे. आमचे वरिष्ठ आबाजी अजून माझ्या टेबलावर चहाचा कप ठेवून विचारतात, "काय, आज स्वयंपाकाला काय?" त्यांच्यापुढे जाऊन म्हणू, की होळी कोपेल म्हणून वॅगन लवकर लावा? सात वेळा शंकू जाळून मी जे ठरवलं ते होळीच्या धाकाने बदलू?

तुमच्या वेळी कारणं कुणी शोधली नाहीत म्हणून नियम पाळले गेले. आता कारणं शोधायची सोय आहे. मी शोधलं आहे, आणि रंग निर्धोक आहे. तू काळजी करू नकोस.

रागावू नकोस हं. आणि ते काळं लुगडं कुणाला देणार, तेही लिही.

इंदू


चिंचवड, रविवार, १६ मार्च १९५८

तीर्थरूप आत्या,

पाच आठवडे तुझं पत्र नाही. म्हणजे रागावलीस. रागावण्याचा तुला हक्क आहे, पण हे पत्र संपेपर्यंत राग बाजूला ठेव.

गेल्या बुधवारी दुपारी बबनराव माझ्याकडे धावत आले. मिशी एका बाजूने जळलेली. गोदामात रंग सांडला की ते त्यावर भुसा टाकतात आणि झाडून मागच्या दाराबाहेर ढीग करतात, वर्षभर करतात. त्या दिवशी ढिगापाशी उभं राहून त्यांनी विडी पेटवली आणि काडी टाकली. "ताई, भस्सकन उठला ओ! पावसाळ्यात ह्याच ढिगावर मी धा काड्या टाकल्यात, कधी काय झालं न्हाई. आन आता बगा. माझ्या छातीएवढा जाळ. कुनाला सांगू नगा, साहेब काढून टाकत्याल मला."

पावसाळ्यात काही झालं नाही. आत्या, माझे सातही शंकू श्रावणातले होते! भुसा त्याच गोदामातला, हवेतलं पाणी पिऊन बसलेला. पुस्तकात 'सुका भुसा' लिहिलं आहे. मी हातात घेतला, कोरडा वाटला, सुका म्हटलं. त्याहून वाईट म्हणजे सोरा मी जाळून पाहिलाच नाही. त्याची वेळ पुस्तकातून उचलली. इंग्लंडातल्या भट्टीत वाळवलेल्या भुशाची वेळ, आणि माझा भुसा मावळातल्या श्रावणाचा. बबनरावांनी त्या दिवशी दारातून तोंडावर सांगितलं होतं, वल्या लाकडावानी रुसतोय. मी हसणाऱ्यांबरोबर हसले.

काल सगळे गेल्यावर मी भुसा लोखंडी पत्र्यावर तासभर वाळवला आणि एकच शंकू केला. तार टेकते न टेकते तोच संपला. कौल तडकलं.

बबनरावांना मी विडी बंद करायला सांगितलं आहे, आणि ढिगावर पाणी मारून तो लांब पुरायला लावला आहे. गोदामात कंदील न्यायचा नाही, असंही सांगितलं, माझ्या नावाने. पण पोती तिथेच आहेत. तागाची, छपरापर्यंत. त्यांच्या पायथ्याशी रंभा आणि बारा जणी बसतात. सोमवारी २४ तारखेला वॅगन लागेल, आणि त्या डब्याच्या मागेपुढे माणसांचे डबे असतील. माझ्या सहीवर.

साहेब मुंबईला गेलेत, गुरुवारी येतील. त्यांना सांगायचं म्हणजे माझी सही खोटी होती असं सांगायचं. आबाजी तर वाटच बघताहेत. पुढे कुठल्याही प्रयोगशाळेत म्हणतील, बाई ठेवली होती, काय झालं ते ऐका. आईला मी अजून काही बोललेले नाही. मी सांगणार आहे, आत्या. पण त्याआधी दोन शब्द लिही.

इंदू


तळेगाव दाभाडे, मंगळवार, १८ मार्च १९५८

चिरंजीव इंदू,

पत्र आत्ताच मिळालं, टपालवाल्याला ओट्यावर बसवून हे लिहिते आहे, म्हणजे उद्या तुझ्या हातात पडेल.

रागावले होते. फार रागावले होते. 'तुमच्या वेळी कारणं कुणी शोधली नाहीत', हे वाक्य महिनाभर माझ्या घशात अडकलं होतं. ते आता राहू दे.

गुरुवारी साहेब आले की पहिली तू जा. चहाच्या आधी. पदर खोचून जा आणि डोळे खाली घालू नकोस. लुगड्यावर डाग पडला तर चांगला रंगारी तो घडीत लपवत नाही, गिऱ्हाइकापुढे उलगडून दाखवतो आणि म्हणतो, हे माझ्या हातून झालं, पुन्हा करून देतो. ह्यांनी असं तीनदा केलं. ते गिऱ्हाईक आपल्याला कधी सोडून गेलं नाही.

आणि नुसतं सांगू नकोस. करून दाखव. सगळ्यांच्या समोर कर, आबाजीच्या तर नाकासमोर. हातच्या काकणाला आरसा कशाला?

नोकरी गेली तर इथे ये. रांजण घासलेला आहे.

आत्या


चिंचवड, रविवार, ३० मार्च १९५८

तीर्थरूप आत्या,

नोकरी गेली नाही. पण ते शेवटी, आधी गुरुवार ऐक.

मी चहाच्या आधी गेले. म्हटलं, "साहेब, माझा ऑगस्टचा अहवाल चुकला आहे. मी तो परत घेते. कारण दाखवायला मला एक तास द्या." साहेबांनी चष्मा काढला. मी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं, बबनरावांनाही. त्यांच्याकडून त्याच पोत्यातला भुसा मागवला. निम्म्यावर पाण्याचा हबका मारून ठेवला, म्हणजे श्रावण झाला. निम्मा पत्र्यावर वाळवला, म्हणजे चैत्र. मग चार शंकू केले. दोन सोऱ्याचे, दोन आपल्या काळ्याचे.

आधी ओले. आपला काळा विझला. आबाजी म्हणाले, "मग बरोबरच आहे की अहवाल." मी ओल्या सोऱ्याला तार लावली. तोही विझला. आत्या, बंदुकीच्या दारूत घालतात तो सोरा, आणि माझ्या श्रावणाच्या भुशात तोही धुमसून गप्प! मी म्हटलं, "या भुशात काहीही निर्धोक ठरलं असतं. मी सोरा जाळून पाहिला असता तर तेव्हाच कळलं असतं. पाहिला नाही, ही माझी चूक."

मग सुके. सोरा बावीस सेकंद. काळा नऊ.

साहेब उठून खिडकीपाशी गेले. मी मनात म्हटलं, आता आटपलं. ते वळले आणि विचारलं, "ऑगस्टच्या कागदावर सही कुणाची?" म्हटलं, माझी. "आणि आजच्या?" म्हटलं, तीही माझीच असेल. ते म्हणाले, "टाइप करून आणा. वॅगन मी रद्द करतो." मग आबाजींकडे पाहून म्हणाले, "सात महिने हा अहवाल तुमच्याही फायलीत होता. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, भुसा कसला?"

त्याच दुपारी पोती खाली उतरवायला सुरुवात झाली. रंभेच्या बायका आता उघड्या शेडमध्ये बसतात. नवा माल दोन पुड्यांत जाणार, रंगाची एक आणि पोटॅशची वेगळी, पिंपात, लाल चिठ्ठी लावून. म्हणजे तुझे कोनाडे परत आले. सोलापूरच्या व्यापाऱ्याला साहेबांनी स्वतः लिहिलं, की माल उशिरा येईल आणि का येईल. बबनरावांना कुणी काढलेलं नाही. ते आता गोदामात येणाऱ्या प्रत्येकाचा खिसा तपासतात, साहेबांचासुद्धा.

आता मुख्य गोष्ट. अहवालाच्या शेवटी 'आधार' म्हणून जागा असते, तिथे ज्या ग्रंथावरून काम केलं त्याचं नाव देतात. मी इंग्रजी पुस्तकाचं नाव दिलं आणि त्याखाली लिहिलं, 'अंबुबाई चिमाजी पतंगे, रंगारी, तळेगाव दाभाडे. हा काळा रंग उन्हाळ्यात धोक्याचा असतो ही सूचना त्यांनी २ फेब्रुवारीच्या पत्राने दिली होती.' साहेबांनी लाल पेन्सिलीने ते खोडलं. म्हणाले, "हा अहवाल रेल्वेला जायचा आहे, नातेवाइकांची नावं कशाला?" मी म्हटलं, "साहेब, मग पुस्तकाचंही खोडा. चूक त्याच्या आकड्यावर विसंबून झाली. आत्याचं ऐकलं असतं तर झाली नसती." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "नाव नीट टाइप करा. एका अक्षराची चूक नको."

सोबत प्रत पाठवते आहे. इंग्रजीत आहे, कुणाकडून वाचून घे. आत्या, मी तुला हसले होते, त्याची ही भरपाई नव्हे. हे तुझंच होतं, ते तुझ्या नावावर केलं.

तुझी,
इंदू


तळेगाव दाभाडे, १० एप्रिल १९५८

चिरंजीव इंदू,

कागद मिळाला. कुणाकडून वाचून घेतला असेल, ओळख. शालनबाईच्या मुलाकडून! कचेरीतून आला तसाच त्याला ओट्यावर बसवला. त्याने माझं नाव इंग्रजीतून तीनदा वाचलं, कारण मी तीनदा वाचायला लावलं. शालनबाई दारात उभी होती. तिने घरात जाऊन विरजणाचं अख्खं गाडगं आणून दिलं. पोरी, मला आज इतका अभिमान वाटतो आहे की आळीत चालताना पाय जमिनीला लागत नाहीत. तीस वर्षं मी लुगडी रंगवली, मावळातल्या निम्म्या बायकांच्या अंगावर माझा काळा होता, आणि एकावरही माझं नाव नव्हतं. ते आता रेल्वेच्या कपाटात आहे.

पण इंदू, त्या कागदात एक चूक आहे आणि ती तुला दुरुस्त करावी लागेल.

कागद ऐकल्यापासून मी विचार करत बसले. तू लिहिलंस, 'उन्हाळ्यात धोक्याचा असतो ही सूचना.' मी अशी सूचना कधी दिली? मी होळी कोपते म्हटलं. मला कारण ठाऊक नव्हतं. सासूने सांगितलं, मी पाळलं, आणि तुझ्यापुढे मोठ्या ऐटीत सांगितलं. तेव्हा मी दत्तोबाकडे गेले. तो शेजारचा म्हातारा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, आमच्या घरातलं माझ्या आधीचं सगळं त्याने पाहिलं आहे. त्याला विचारलं, हा नियम आला कुठून?

तो म्हणाला, "तुला ठाव न्हाई व्हय? सुभद्रेनं घातला त्यो."

पासष्ट वर्षांपूर्वी सुभद्राबाई सोळा वर्षांची नवी सून होती. चैत्रात माळ्यावर काळी लुगडी वाळवून रचलेली होती. कुणाच्या तरी चिलमीतली ठिणगी उडाली आणि थप्पी एका दमात पेटली. तिचा डावा दंड भाजला. तो व्रण मी पाहिला होता, मला सांगितलं होतं चुलीवर भाजलं. तिने सासऱ्याला म्हटलं, अशा ठिणग्या पावसाळ्यात रोज पडतात, तेव्हा काही होत नाही. हा रंग कोरड्या दिवसांतच आग धरतो, तेव्हा होळीनंतर काळा करू नका. सासरा म्हणाला, सुनेने भाकरीकडे बघावं. पुढच्या वर्षी त्यांनी चैत्रात पुन्हा थप्पी रचायचं ठरवलं. तर होळीच्या दिवशी, सगळी आळी जमलेली असताना, सुभद्रेच्या अंगात आलं. केस सोडून होळीभोवती घुमली आणि ओरडली, माझ्यानंतर काळा कराल तर घर घेईन! सासरा, दीर, नवरा, सगळे पाया पडले. दत्तोबाची आई तिला सावरायला पुढे गेली, तर सुभद्रा तिच्या कानात म्हणाली, "काकू, पाणी द्या, घसा बसला."

बारा वर्षं मी त्या बाईशी भांडले, इंदू. तिच्या सोवळ्यावरून, तिच्या ताकावरून, तिच्या त्या नियमावरून तर रोज. मला वाटे, ही अडाणी. आणि तिने तुझ्यासारखंच सगळं नजरेने पाहिलं होतं, ओला आणि कोरडा वेगळा करून. फक्त तिच्याजवळ साहेब नव्हता, कौल नव्हतं, घड्याळ नव्हतं, आणि तिच्या सहीला कुणी विचारत नव्हतं. म्हणून तिने देवाच्या तोंडून सांगितलं. त्यानंतर आमचं घर एकदाही पेटलं नाही.

तू सगळ्यांसमोर तुझी सही परत घेतलीस. मग मला माझं नाव परत घ्यायला कसली लाज? ते खोड. त्या जागी लिही, सुभद्राबाई रामजी पतंगे, रंगारी. साहेब पुन्हा लाल पेन्सिल उचलतील, तर त्यांना हे पत्र वाचून दाखव. माझ्या नावाची प्रत मी परत देणार नाही, ती ट्रंकेत ठेवली आहे, तेवढा लोभ मला राहू दे.

तिचा एक फोटोही घरात नाही. कुणी काढलाच नाही. निदान नाव तरी कुठेतरी टाइप होऊ दे.

तुझी आत्या,
अंबुबाई